निरागस कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



'आगस' म्हणजे अपराध. ज्याच्या ठायी तो नाही, तो निरागस. मग ज्याला काही ठाऊकच नाही, असा प्रत्येक जण निरागस म्हणायचा का?

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स हिटलरच्या ताब्यात होता. ज्यू माणसांना, अगदी लेकरांनासुद्धा, हुडकून छळछावण्यांत पाठवत होते. त्या काळात आवों या गावी फादर जाक हे कॅथलिक संन्यासी मुलांची निवासी शाळा चालवायचे. त्यांनी तीन ज्यू मुलांना खोटी नावं देऊन शाळेत ठेवून घेतलं. बाकीच्या पोरांना काय, नवे सोबती मिळाले! एकाच वर्गात बसायचं, एकाच पंगतीला जेवायचं.

१५ जानेवारी १९४४ रोजी जर्मन गुप्त पोलीस शाळेत आले. तिन्ही मुलांना घेऊन गेले, फादरनाही नेलं. मुलं आउशवित्झला मारली गेली. फादर छावणीतून सुटले, पण देह पार खंगला होता. २ जून १९४५ ला ते गेले. त्याच शाळेतला अकरा वर्षांचा लुई माल पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला. ती सकाळ त्याने चाळीस वर्षं मनात वागवली आणि १९८७ साली त्यावर चित्रपट काढला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ, 'येतो, मुलांनो'.

एका संन्याशाने खोटं का बोलावं, असं कुणी विचारेल. मला वाटतं, नाव खोटं होतं, पण त्या नावाआड मुलांना मिळालेली सोबत खरी होती. मुलांना भेद माहीत नव्हता, हा त्यांचा निरागसपणा. फादरना मात्र सगळं माहीत होतं, धोकासुद्धा. त्यांनी जाणून ओझं उचललं, म्हणून मुलांना नुसतं मूल म्हणून राहता आलं. आणि ज्या मोठ्यांनी शेजारचं घर रिकामं होताना पाहिलं अन् 'आपल्याला काय त्यातलं' म्हणून खिडकी लावून घेतली, त्यांना निरागस म्हणता येत नाही. मुलाचं न कळणं वेगळं, मोठ्याचं कळून न घेणं वेगळं.

आपले सद्गुरू सांगतात, सेवा घरापासून सुरू होते. नातवंडं नव्या मैत्रिणीचं नाव घेत घरी येतात, तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय गं तिचं?" त्याऐवजी "तिला काय खायला आवडतं?" असं विचारून पाहू या.

जय गुरुदेव.