अधूनमधून होणारा दोष आणि आपला न्याय

दोष दोन प्रकारचे असतात. एक कायमचा, दुसरा अधूनमधून प्रकट होणारा. चाक मोडले म्हणजे गाडी चालत नाही; हे आंधळ्यासही कळते आणि त्यावर वाद होत नाही. परंतु जी गाडी आठ दिवस उत्तम चालते, नवव्या दिवशी काहीएक कारण न दाखविता थांबते आणि दहाव्या दिवशी पुन्हा जणू काही घडलेच नाही अशा डौलाने चालू लागते, तिच्याविषयी आपण काय मानावे? पहिल्या प्रकारच्या दोषात आपल्या हातांची परीक्षा होते, दुसऱ्या प्रकारच्या दोषात आपल्या विवेकाची. अशा प्रसंगी तक्रार करणाऱ्यावर विश्वास किती ठेवावा आणि दोषाचे खापर कोणाच्या माथी फोडावे, हे दोन प्रश्न उभे राहतात. ते दिसण्यात यंत्रविद्येचे असले तरी मुळात नीतीचे आहेत, असे आम्हांस वाटते.

विषय हवेत राहू नये म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. अकोल्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात एक जुना लॅपटॉप आहे. अमरावतीस अभियांत्रिकी शिकणाऱ्या थोरल्या मुलाने सुटीत घरी आला असता त्यावर लिनक्स ही प्रणाली बसविली. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून सर्वांस खुला केला. तो वापरण्यास दाम पडत नाही, आणि त्याची घडण कोणासही उघडून पाहता येते. काही आठवड्यांनी तो लॅपटॉप मध्येच हँग होऊ लागला. पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे गोठावे, बाण हलू नये, कळा दाबाव्यात तर उत्तर नाही. शेवटी बटण दाबून धरून यंत्र बंद करावे आणि न जतन केलेले काम गमवावे. हे सरासरीने चार दिवसांतून एकदा होई. पण त्यास ना वार होता, ना वेळ.

घरात लगेच न्यायसभा भरली. वडील म्हणाले, फुकटची वस्तू, तिच्याकडून दुसरी अपेक्षा ती काय? आईचे म्हणणे पडले की हा उन्हाळ्याचा प्रताप. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे कूलरसमोर माणसांचाही जीव कासावीस होतो. काकांनी विजेच्या चढउतारास धरले. धाकट्या बहिणीच्या महाविद्यालयाचा निबंध एका रात्री गेला तेव्हा तर सर्वांचे एकमत झाले की, थोरल्याने नसता उद्योग केला नसता तर हे घडलेच नसते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. लिनक्स आले आणि नंतर बिघाड झाला, हे खरे होते. उन्हाळा होता, हेही खरे होते. परंतु ‘नंतर’ या शब्दाचा ‘म्हणून’ कधी झाला, हे मात्र कोणाच्याच ध्यानी आले नाही.

आपल्या समाजात हा ‘नंतर’चा ‘म्हणून’ करणारा न्याय फार जुना आहे. सून घरात आली, त्याच वर्षी कपाशी बुडाली अथवा सासरा आजारी पडला, की ती ‘पांढऱ्या पायाची’ ठरत असे. हा शब्द आज सुशिक्षित घरांत उच्चारला जात नसेल; पण त्यामागची विचाराची रीत गेली आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. घरात, कचेरीत, संस्थेत जो शेवटी आला तो पहिला आरोपी, हा नियम आजही चालतो. लॅपटॉपच्या घरात ती नवी सून लिनक्स होती, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू पाहू. लॅपटॉप अमरावतीस एका कारागिराकडे नेला. त्याने तो दोन दिवस चालवून पाहिला. दोन्ही दिवस यंत्र विनातक्रार चालले, आणि ‘काही झालेले नाही, वापरणारा चुकत असेल’ असा शेरा घेऊन परत आले. अधूनमधून होणाऱ्या दोषाचे हेच दुर्दैव असते. तो साक्षीस बोलाविला असता येत नाही. ज्या रुग्णाची कळ वैद्याच्या दारात पाऊल टाकताच थांबते, त्याची हीच गत होते. आणि ती रुग्ण स्त्री असली तर ‘मनाचे खेळ’ म्हणून तिची बोळवण करण्यास आपण अधिकच तत्पर असतो. पाळीचा ताप पाहा. एकाआड एक दिवस येणाऱ्या तापाचा रोगी मधल्या दिवशी शेतात काम करताना दिसे. पण त्यामुळे त्याचा ताप लटका ठरत नव्हता. ताप उतरलेल्या दिवशी रोगी पाहून ‘रोग नाही’ म्हणणारा वैद्य आणि दोन दिवस यंत्र पाहून ‘बिघाड नाही’ म्हणणारा कारागीर एकाच माळेचे मणी होत. ‘मला दिसले नाही’ हे प्रामाणिक विधान आहे. ‘ते नाहीच’ हे त्यातून निघत नाही.

याच तापाने दुसराही धडा दिला आहे. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीजवळ राहणाऱ्यांस तो होई, म्हणून दोष दलदलीच्या हवेवर गेला. निरीक्षण खरे होते. दलदल आणि ताप यांची सोबत होतीच. परंतु १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्या तापाचे जंतू आढळले, आणि हवा निर्दोष सुटली. दलदल हवेमुळे नव्हे, तर डासांमुळे घातक होती.

आमच्या नैयायिकांनी हा घोटाळा पूर्वीच ओळखला होता. कार्याच्या आधी नियमाने जे असते ते कारण, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ते ‘अन्यथासिद्ध’ नसावे, अशी अट त्यांनी घातली. घटासाठी माती गाढवाच्या पाठीवरून आली, म्हणून गाढव घटाचे कारण होत नाही. माती डोक्यावरून आणली तरी घट होणारच. तसेच, जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धुरास ओल्या सरपणाची जोड लागते. या लपलेल्या जोडीस त्यांनी ‘उपाधी’ म्हटले. आपल्या घरगुती न्यायसभांत गाढवे फार शिक्षा भोगतात आणि ओले सरपण सुटून जाते.

अमरावतीच्या त्या मुलाने काय केले? प्रथम त्याने एक वही घातली. कोणत्या वेळी, कोणते काम चालू असता, वीज जोडलेली होती की नव्हती, हे बहीण लिहून ठेवू लागली. वीज काढलेली असता, केवळ बॅटरीवरही यंत्र गोठते, असे दोनदा आढळताच काकांचा आरोप गळाला. लिनक्स स्वतःची एक रोजनिशी ठेवते. मागील वेळी यंत्र बंद पडण्यापूर्वी काय घडले, ते तीत वाचता येते. या रोजनिशीत शेवटी काहीच नव्हते. नोंद मध्येच तुटली होती. पण हे मौनही बोलके होते. मेमरी अपुरी पडून यंत्र मंदावते तेव्हा डिस्कची अखंड धडपड चालू असते आणि बाण रखडत का होईना हलतो. येथे सर्व काही एका क्षणी थांबले होते. म्हणून त्याने मेमरी तपासणारा कार्यक्रम रात्रभर लावून ठेवला. पहाटेपर्यंत एकाच ठिकाणच्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. दोन मेमरीपट्ट्यांपैकी एकीचा लहानसा भाग सदोष होता.

तरीही त्याने निकाल दिला नाही. सदोष पट्टी काढून ठेवली आणि वाट पाहिली. किती दिवस? येथे हिशेब करावा लागतो. दोष सरासरी चार दिवसांतून एकदा, पण अनियमितपणे येत असेल, तर काहीही उपाय न करता चार दिवस सुखरूप जाण्याचा संभव शेकडा ३७ इतका असतो. म्हणजे चार दिवसांवर विसंबून जो गंडा, जी फुंकर अथवा जो नवा प्रोग्राम ‘गुणकारी’ ठरेल, तो शंभरांत सदतीस वेळा फुकटचा मान घेईल. बारा दिवस निर्विघ्न गेले तर हा संभव शेकडा ५ वर येतो. मुलाने महिनाभर वाट पाहिली. मग तीच पट्टी मुद्दाम पुन्हा बसविली. तिसऱ्या दिवशी यंत्र गोठले. पुन्हा काढली, गोठणे थांबले. असता होणे आणि नसता न होणे, या अन्वय व व्यतिरेक दोहोंनी मिळूनच त्याने कारण ठरविले.

यातील सर्वांत मार्मिक गोष्ट अजून सांगावयाची आहे. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवीत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली पुन्हा चटकन मिळाव्यात म्हणून ती तेथे ठेवून देते. त्यामुळे मेमरीचा जो कोपरा एरवी क्वचितच वापरात आला असता, तेथे तिचे पाऊल वारंवार पडे. उष्णतेने मेमरीतील विद्युत्‌भार लवकर गळतो, म्हणून उन्हाळ्यात दुबळा भाग अधिक दगा देई. म्हणजे आईचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. उन्हाळा सहकारी होता, कर्ता नव्हता. आणि ज्या लिनक्सवर आरोप होता, तिने दोष निर्माण केला नव्हता, उघड केला होता. जमाखर्च नीट पाहणारा नवा कारकून आला की जुनी अफरातफर बाहेर पडते आणि ‘हा आल्यापासून संस्थेत भांडणे सुरू झाली’ असे लोक म्हणतात. दोष दाखविणारा आणि दोष करणारा यांत भेद न करणे, हा आमच्या मते केवळ तर्काचा प्रमाद नव्हे. तो अन्याय आहे.

वऱ्हाडच्या शेतकऱ्यास हे सांगण्यास यंत्राची गरज नाही. भर वाढीतली पऱ्हाटी एकाएकी माना टाकते. शेजारचे झाड टवटवीत असते. यास आकस्मिक मर म्हणतात. मुळे तपासली तर रोगजंतू सापडत नाही. दीर्घ उघडीप आणि तापलेली जमीन, त्यावर एकदम भरपूर पाणी, आणि त्या धक्क्याने झाडाचा समतोल बिघडणे, असा तो प्रकार आहे. पण आदल्या दिवशी ज्याने बियाणे दिले, फवारणी केली अथवा बांधावरून गुरे नेली, त्याच्याशी भांडण सुरू होण्यास रात्र पुरते.

कोणी म्हणेल, संसार म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. महिनाभर वाट पाहण्यास सवड कोणास आहे? बहिणीचा निबंध उद्या द्यावयाचा आहे, पऱ्हाटी आज वाळते आहे. हा आक्षेप रास्त आहे. कारण कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, असे आमचे म्हणणे नाही. बे ट्रेल या नावाच्या प्रोसेसरांच्या पिढीवर लिनक्स चालविणाऱ्यांस असाच गोठण्याचा अनुभव २०१५ च्या सुमारास देशोदेशी आला. तेथे गंमत अशी की, यंत्र श्रमाने नव्हे, तर विश्रांतीने गोठे. काम नसता प्रोसेसर गाढ निद्रेच्या पायरीवर उतरे आणि तेथून परते ना. मूळ दोषाचा छडा लागेपर्यंत लोकांनी त्यास गाढ झोपू न देण्याची आज्ञा लिहून ठेवली. बॅटरी लवकर संपे. पण काम वाचे. मात्र या उपायास कोणी इलाज म्हटले नाही. तात्पुरती सोय म्हणूनच ती ओळखली गेली आणि शोध चालू राहिला. तातडी असेल तेव्हा कृती करावी, निबंध दर पाच मिनिटांनी जतन करावा, त्याची प्रत दुसरीकडे ठेवावी. तातडीमुळे उपाय करण्याचा अधिकार मिळतो. दोषी ठरविण्याचा अधिकार मिळत नाही.

आणि हा संयम यंत्रापेक्षा माणसाच्या बाबतीत अधिक हवा. मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसविता येते. तीवर झालेला संशय तिला लागत नाही. नोकरास काढून टाकल्यावर, सुनेस माहेरी धाडल्यावर अथवा मुलास ‘तुझ्यामुळेच’ असे ऐकविल्यावर तो प्रयोग उलटा फिरवून पाहता येत नाही. माणूस परत आला तरी तो तोच राहत नाही. जेथे व्यतिरेकाची परीक्षा घेणे शक्य नाही, तेथे निश्चयाने बोलण्याचा हक्कही तेवढाच कमी असतो.

म्हणून अशा दोषापुढे आम्हांस दोन कर्तव्ये दिसतात. ज्याने सोसले त्याचे म्हणणे, आपल्यासमोर घडले नाही एवढ्यावरून नाकारू नये. आणि ज्याच्यावर संशय आहे त्यास, तो जवळ होता एवढ्यावरून शिक्षा देऊ नये. व्यवहारात आपण बहुधा याच्या अगदी उलट वागतो: तक्रारीस पुरावा मागतो आणि आरोपास मागत नाही. ‘अजून कळले नाही’ हे तीन शब्द घरातील वडील माणसाने उच्चारले तर त्याचा अधिकार कमी होतो, असा आपल्याकडे समज आहे. आमच्या मते ज्या घरात हे शब्द मोकळेपणाने बोलता येतात, त्याच घरात लहानांस आपली तक्रार सांगण्याचे धैर्य राहते आणि नव्याने आलेल्यास निर्भयपणे वावरता येते.