नाव आणि साधना

परक्या परंपरेतील एखादी गोष्ट आपली म्हणून घेण्याचा अधिकार मनुष्यास कशाने प्राप्त होतो? जन्माने तो मिळत नाही, हे उघडच आहे. केवळ आवडीने मिळतो म्हणावे, तर वाटेत दिसेल ती वस्तू उचलणारा हौशी प्रवासीही अधिकारी ठरेल. गीतेने स्वधर्माची थोरवी सांगितली. परंतु कलावंताचा स्वधर्म कोणता, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

जॉन मॅकलॉफलिन या गिटारवादकांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे १९४२ साली त्यांचा जन्म झाला. १९६९ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि माइल्स डेव्हिस यांच्या ज्या ध्वनिमुद्रणांतून जॅझ व रॉक यांचा संगम घडला, त्यांत त्यांनी वादन केले. १९७१ साली त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. ‘महाविष्णू’ हे नाव त्यांना श्रीचिन्मय या बंगाली गुरूंनी दिले होते. विजेच्या गिटारचा प्रचंड नाद आणि थक्क करणारी द्रुतगती यांमुळे या वृंदाचा मोठा बोलबाला झाला.

परंतु नाव धारण करणे सोपे असते. खरी कसोटी पुढे लागली. मॅकलॉफलिन यांनी अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे शिक्षण घेतले. आणि कीर्ती भरात असतानाच्या त्या दशकात, व्हायोलिनवादक एल. शंकर, तबलावादक झाकीर हुसेन व घटमवादक विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद उभारला. तेथे विजेची गिटार बाजूस ठेवून ते साध्या गिटारसह बैठकीवर बसले. गमकासाठी तार खोलवर दाबता व खेचता यावी म्हणून पडद्यांमधील लाकूड कोरून घेतले. अनुनादासाठी तरफांसारख्या अधिक तारा बसविल्या. म्हणजे परक्या रागास त्यांनी आपल्या वाद्यात कोंबले नाही. त्या रागासाठी आपले वाद्यच बदलले. काही वर्षांनी ते गुरूंपासून दूर झाले, ते नावही त्यांच्या नावामागून गळाले. पण शिकलेले गळाले नाही. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेस २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हाही मॅकलॉफलिन आणि झाकीर हुसेन हे दोघे त्या वृंदात होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीर हुसेन निवर्तले.

कोणी म्हणेल, हे ना धड जॅझ, ना धड कर्नाटक संगीत. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मिश्रणात दोहोंचा कस उतरण्याचे भय असतेच. तथापि त्याच मंचावरील व्हायोलिनकडे पाहावे. हे युरोपीय वाद्य दक्षिणेत रुजून अवघी दोन शतके झाली. आज ते तेथे परके कोणास वाटते? आणि ज्या ख्यालगायनाचा आपण मराठी माणसे अभिमान बाळगतो, ते ग्वाल्हेरीस राहून, गुरुसेवा करून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणले. परक्याचे आपले होते, ते असे. नाव लावून नव्हे, तर श्रम वेचून.

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां सर्वांपुढे हाच प्रश्न लहान प्रमाणात रोज उभा असतो. आपली भाषा गमावू या भीतीने शेजाऱ्याच्या भाषेस दार बंद ठेवावे, की तिचे चार शब्द तोंडी लावून त्या प्रांताचे जाणकार म्हणून मिरवावे? या दोन्ही वाटा सुखाच्या आहेत, कारण दोहोंतही आपणांस बदलावे लागत नाही. तिसरी वाट कष्टाची आहे. तीत आपले वाद्य हाती असतेच. मॅकलॉफलिन यांनी गिटार सोडली नाही. मात्र त्याचा आवाज उतरवावा लागतो, आणि ज्या वयात लोक आपणांस उस्ताद म्हणू लागतात, त्या वयात पुन्हा शिष्य व्हावे लागते. अधिकार मिळत असेल, तर तो या उतरण्यातूनच मिळत असावा.