सहीचा धनी

विनावेतन काम करणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. तो सुखवस्तू असला तर त्याला मानद म्हणतात. गरीब असला तर त्याच्या कामाला वेठ म्हणतात. गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत ही दोन्ही प्रकारची माणसे एका सतरंजीवर बसतात आणि एकाच वहीत सह्या करतात. मी मानदांपैकी. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो, बीड जिल्ह्यातल्या आमच्या डोंगराकडच्या गावी येऊन राहिलो, आणि समितीत स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी जागा असते तिच्यावर माझी निवड झाली. गावात पदवीधर आणि रिकामा असा दुसरा कोणी त्या वेळी नव्हता, एवढेच माझे शिक्षणातले तज्ज्ञपण.

ही समिती कायद्याने आलेली आहे. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याचे 21 वे कलम असे सांगते की, विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत अशी समिती असावी. तिचे तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत. निम्म्या स्त्रिया असाव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कारभारावर देखरेख करावी, विकासाचा आराखडा करावा, आलेला पैसा कसा खर्च झाला ते पाहावे, ही तिची कामे. मी आयुष्यभर सरकारी कागद वाचले. त्यांत इतके सरळ आणि इतके धाडसी कलम फार थोडे आढळले. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिताना दम लागतो, तिला हे कलम शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवायला सांगते.

आता कोणी म्हणेल, हा भाबडेपणा आहे. हा आक्षेप हलका नाही. तो सर्वांत ठामपणे ज्यांनी मांडला त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून मागणी केली. शेतकऱ्याकडून पट्टी घ्यायची आणि शिक्षण दुसऱ्यांच्या मुलांना द्यायचे, या अन्यायावर बोट ठेवले. पण या शिक्षणाचा पैसा स्थानिक मंडळांच्या हाती सरसकट सोपवावा, असे ते म्हणाले नाहीत. या मंडळांवर पाटील, इनामदार, सरदार असे अशिक्षित लोक बसलेले आहेत आणि त्यांना या पैशावर शहाणपणाने देखरेख करता येणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. सुशिक्षित आणि समंजस माणसे असतील तर सोपवायला हरकत नाही, असेही त्यांनी सांगितले. शाळा रयतेची व्हावी म्हणून झटणारा माणूस गावकीच्या हाती ती देताना कचरतो, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फुल्यांचा अविश्वास निरक्षरतेवर होता, तसा सत्तेवरही असावा, असे मला वाटते. त्यांनी नावे घेतली ती पाटलांची आणि इनामदारांची, शेतमजुरांची नव्हेत. 2009 च्या कायद्याने त्या जागी पालक बसवले. फुल्यांच्या शंकेला हे उत्तर आहे की नुसते माणसांचे नाव बदलले आहे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

बिनपगारी माणसांनी शाळेवर देखरेख ठेवावी ही कल्पना आपल्याच देशात निघाली असे नाही. इंग्लंडात ती जुनी आहे. 1944 च्या कायद्याने तिथे प्रत्येक प्राथमिक शाळेला व्यवस्थापक मंडळ दिले होते, पण पुष्कळ ठिकाणी ते नावापुरतेच होते. 1970 नंतरच्या दशकात लंडनमधल्या विल्यम टिंडेल शाळेत शिक्षक, पालक आणि व्यवस्थापक यांच्यात इतका बेबनाव झाला की चौकशी बसवावी लागली. 1977 मध्ये टेलर समितीने सुचवले की, या मंडळात स्थानिक शासन, शिक्षक, पालक आणि परिसरातले नागरिक यांना समान वाटा असावा. पुढे 1980, 1986 आणि 1988 च्या कायद्यांनी मंडळांची रचना बदलली आणि अधिकार वाढवले. आज तिथे दोन लाखांहून अधिक माणसे हे काम पगारावाचून करतात, आणि पुष्कळ शाळांत मुख्याध्यापक कोणाला नेमायचे हे तीच ठरवतात. ज्याच्या हाती नेमणूक आहे त्याने प्रश्न विचारला की ऐकणारा सावरून बसतो.

आमच्या समितीला असले काही नाही. ती शिक्षक नेमू शकत नाही, त्याची बदली करू शकत नाही, वेतनवाढ रोखू शकत नाही. तिच्यापाशी आहे ती सही. आणि सहीचे आमच्याकडे काय होते ते सांगायला नको. वही घरी येते. मुलगा म्हणतो, गुरुजींनी सही मागितली आहे. आई चुलीपुढून उठते आणि दाखवलेल्या जागी नाव काढते. शिक्षण समितीपर्यंत पोचले ते हे असे.

तरीही या सहीची किंमत शून्य आहे असे मला वाटत नाही. शाळेच्या कागदावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या असतात ते सगळे कोणाच्या तरी हाताखाली असतात. शिक्षक मुख्याध्यापकाच्या, मुख्याध्यापक केंद्रप्रमुखाच्या, तो विस्तार अधिकाऱ्याच्या. प्रत्येकाला वरच्याला हवा तो आकडा द्यायचा मोह असतो. मी त्या साखळीत तीस वर्षे काढली आहेत. तो मोह कसा असतो ते मला कोणी शिकवू नये. पालकाची बदली होत नाही. त्याच्याविषयी गोपनीय अहवाल लिहिला जात नाही. त्या कागदावर मोकळी म्हणावी अशी तेवढीच एक सही असते. मोकळी, म्हणजे नोकरीतून मोकळी. भावकीतून, भिडेतून, उद्या याच गुरुजींपुढे आपले मूल बसवायचे आहे या धास्तीतून ती मोकळी नसते. साहेबाला नाही म्हणणे कठीण आहे हे खरे. पण भल्या माणसाला नाही म्हणणे त्याहून कठीण आहे. आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. पदरच्या पैशाने वह्या आणतात. म्हणूनच पुढची हकिगत सांगण्यासारखी आहे.

आमच्या भागातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहायचे. घरी आजी असली आणि धडधाकट असली तर मूल तिच्यापाशी ठेवतात. नसली तर मूल बरोबर जाते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा आमच्या वर्गांतल्या बऱ्याच जागा रिकाम्या असतात. हजेरीपटावर मात्र त्या भरलेल्या होत्या.

मी समितीवर आलो त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या सभेत पोषण आहाराचा हिशेब वाचला जात होता. अमुक दिवशी इतके लाभार्थी, तमुक दिवशी इतके. मागे बसलेल्या एक मजूर बाई म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या जावंचं लेकरू तर कारखान्यावर हाय. मग हितं जेवलं कोण?”

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. आकड्यातून माणूस निसटलेला त्यांना दिसला आणि त्यांनी तसे विचारले, इतकेच. मुख्याध्यापकांनी लपवाछपवी केली नाही. ते म्हणाले, जेवली ती इथलीच पोरे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ मिळतो. वीस मुले गेली तर दोन किलो. तो राहिलेल्या मुलांच्या ताटात जातो, माझ्या घरी जात नाही. दुसरे, साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन, एकसष्टाव्याला तिसरा. ही मुले गेली असे लिहिले, नावे कमी झाली, तर तिसरे गुरुजी जातील, आणि मग दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. मी खोटे लिहितो ते तुमच्याच पोरांसाठी.

या युक्तिवादाला लगेच नाक मुरडणाऱ्यांनी दोन शिक्षकांनी चालवलेली पाच वर्गांची शाळा एकदा पाहून यावी. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली, आणि कागदावरची मुले केवढी होती ते महाराष्ट्राला कळले. त्यांत पैशासाठी फुगवलेले पट होते. तो सरळ चोरीचा मामला. त्यात नीतीचा प्रश्नच नाही. आमच्या शाळेतला प्रश्न अवघड होता, कारण इथे खोट्याचा लाभ गरीब मुलांनाच होत होता. चार घास अधिक, एक शिक्षक अधिक. त्याविरुद्ध ठेवायचे काय? नुसते सत्य? उपाशी मुलाच्या ताटापुढे नुसत्या सत्याची बाजू मांडायला मी धजलो नसतो.

पण बाईंच्या प्रश्नात दुसरे एक मूल होते, ते त्या हिशेबात कुठेच नव्हते. त्याच्या नावाचा तांदूळ इथे शिजत होता, त्याच्या नावावर एक शिक्षक इथे टिकत होता, आणि ते स्वतः पाचटाच्या ढिगाजवळ धाकट्या भावंडाला सांभाळत बसले होते. कागदावर हजर असलेल्या मुलाला कोणी शोधायला जात नाही. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुलाने गावीच नातलगांकडे राहायचे, जेवणाची सोय शासनाने करायची, आणि ती चालवायची याच समितीने. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. या दोहोंसाठी प्रथम लागते ती यादी: कोण जाणार, कोण गेले. आमच्या कागदांप्रमाणे गावातून कोणी जातच नव्हते. गुरुजींच्या दयेने नेमके ज्याच्यावर दया करायची त्याचेच दार बंद केले होते. सभेत मी बोललो ते एवढेच. हिशेबावर सह्या झाल्या नाहीत. खरी हजेरी घालून तो पुन्हा मांडावा असा ठराव झाला. सूचक त्या बाई, अनुमोदक मी.

इथे मला फुल्यांच्या शंकेकडे परत जावे लागते. समितीत पालक बसतात ते आपापल्या मुलांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. ज्याचे मूल त्या छपराखाली बसते त्यालाच ते गळते हे आधी कळते. पण ज्या पालकांच्या मुलांचा प्रश्न सर्वांत बिकट, ते सभेच्या वेळी फडावर असतात. समितीतले तीन चतुर्थांश पालक म्हणजे मागे राहिलेल्यांतले तीन चतुर्थांश. पाटील-इनामदार गेले तरी हजर माणसांनी गैरहजर माणसांच्या वतीने निकाल द्यायचा, हे राहिलेच. त्या बाईंच्या प्रश्नाचे मोल मला वाटते ते यासाठी. त्यांचे स्वतःचे मूल त्या दिवशी वर्गात होते. त्याच्या ताटात वाढलेला घास कोणाचा, हे त्या विचारत होत्या.

त्या सभेची त्यांना दिवसाची मजुरी पडली. सभा सकाळी अकराला असे, कारण ती वेळ मास्तरांना, अध्यक्षांना आणि मला सोयीची होती. निम्म्या स्त्रिया हव्यात असे कायदा म्हणतो आणि अकराची वेळ त्यांना खुरपणीला पाठवते. माझे निवृत्तिवेतन सभेला बसलो म्हणून एका पैशानेही कमी होत नाही. मग स्वेच्छेने केलेली सेवा हा शब्द आम्हा दोघांना सारखा कसा लावायचा? ज्याचे काही जात नाही त्याच्या सेवेला मी तरी सेवा म्हणणार नाही. फार तर वेळ घालवण्याची बरी रीत. सभा आता संध्याकाळी सातला होते. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी राहतात, त्यांना परतायला उशीर होतो. ते कुरकुरले, आणि येतात.

पुढे काय झाले हे विचारणाऱ्याला सांगण्यासारखे फारसे नाही. त्या वर्षी वसतिगृह मिळाले नाही. हंगाम निम्मा सरला होता. दुसऱ्या वर्षी यादी गणपतीच्या सुमारास केली, मंजुरी आली तोवर काही बैलगाड्या आणि ट्रक निघून गेले होते. अकरा मुले राहिली. तिसऱ्या शिक्षकाची जागा त्याच्या पुढच्या वर्षी गेली. ती आमच्या खऱ्या आकड्यांनी गेली की गावात मुलेच कमी जन्मली म्हणून, यावर पारावर अजून वाद चालतो, आणि मी जवळ गेलो की विषय बदलतो. दोघे गुरुजी पाच वर्ग सांभाळतात. चौथीची मुले पहिलीला पाढे म्हणून दाखवतात.

यंदाची यादी परवा पुरी झाली. त्या बाई आता समितीवर नाहीत; दोन वर्षांची मुदत संपली, आणि नवऱ्याने या खेपेला उचल घेतली. यादीत त्यांच्या मुलाचे नाव सातवे आहे. आजी आहे, पण तिला दिसत नाही. रात्री त्याला कोणाकडे झोपवायचे ते अजून ठरायचे आहे.