मांडव कुठे घालावा?

पूर्वी लग्न ठरले की प्रश्न असे मुहूर्ताचा. जागा ठरलेलीच, मुलीचे अंगण, नाहीतर गावातले कार्यालय. आता मुहूर्त शनिवार-रविवार पाहून निघतो आणि वाद होतो तो जागेवरून. आमच्या हौगांगच्या घरातही सध्या हेच चालले आहे. लेकीला क्लिफर्ड पिअर हवा आहे, तोही कमानींखाली नव्हे, अगदी पाण्याच्या कडेला.

जागा देखणी आहे, यात शंका नाही. १९३३ साली सुरू झालेल्या या धक्क्यावर बोटीने आलेल्या कितीतरी स्थलांतरितांनी सिंगापुरातले पहिले पाऊल टाकले. कुसू बेटाच्या यात्रेकरूंच्या होड्याही इथूनच सुटत. २००६ मध्ये धक्का बंद झाला. आता तो फुलर्टन बे हॉटेलचा भाग आहे. माझे एक स्नेही म्हणतात, जिथे गरीब माणसे वळकट्या घेऊन उतरली, तिथे आपण पैठण्या मिरवाव्यात का? मला हे पटत नाही. सकाळी मृत्यूचा दाखला लिहावा आणि दुपारी त्याच इमारतीत बाळाचे रडणे ऐकावे, यात माझी डॉक्टरकी गेली. दुःखाने जागा विटाळत नाही. मात्र तिथे कोण उतरले हे ठाऊक नसताना तिला नुसती फोटोमागची भिंत करणे मला खटकते.

माझी अडचण वेगळीच आहे. संकल्पाच्या वेळी गुरुजी देशकालाचा उच्चार करतात. आपल्याकडे त्यात गोदावरीचे कोणते तीर हेही येते. म्हणजे विधीला पत्ता लागतो आणि तोही नदीवरून! इथे काय म्हणायचे? मरीना बे आता समुद्र उरलेला नाही. २००८ मध्ये मुखाशी बांध पूर्ण झाल्यावर पुढे त्याचा गोड्या पाण्याचा जलाशय झाला. लेक म्हणाली, "मग सिंगापूर नदीचे तीर म्हणा ना, बाबा." उत्तर चोख होते. मी गप्प बसलो.

पण पत्त्याइतकेच साक्षीदारही महत्त्वाचे. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची, चाकाच्या खुर्चीत. इथल्या दमट उन्हात दोन तास तिला बसवायला डॉक्टर म्हणून मी कुणालाच परवानगी दिली नसती. वाऱ्यात मंत्रही तिच्या कानी पडायचे नाहीत. तिने सावलीत दूर बसून नातीचे लग्न पडद्यावर पाहायचे असेल, तर ती भारतातच राहिली असती तरी चालले असते! माझे मत कमानींखाली. पाण्याची कड फोटोंना.

लेक अजून राजी नाही. येत्या रविवारी मुहूर्ताच्याच वेळेला आईला खुर्चीसकट तिथे घेऊन जायचे ठरले आहे.