एकान्तातील सत्य

ज्या कर्माला दुसरा कोणी साक्षी नाही, तेथे सत्य किती काटेकोरपणे पाळावे? गृहस्थापुढे हा प्रश्न नित्य उभा असतो. त्याचे निर्मळ रूप पाहावयाचे असल्यास आकाशाखाली जागणाऱ्या हौशी निरीक्षकाकडे पाहावे.

नगरदीपांच्या प्रकाशात अंधुक तेजोमेघ लोपतात. म्हणून चंडीगढच्या निरीक्षकाला शिवालिकच्या डोंगरांचा आश्रय घ्यावा लागतो. शार्ल मेसिए याने अठराव्या शतकात आरंभिलेल्या यादीतील ११० वस्तू एकाच रात्रीत पाहण्याचा यत्न मार्चच्या उत्तरार्धात, अमावास्येच्या सुमारास करतात. कृत्तिका सहज दिसतात, पुष्यातील तारकापुंजही दिसतो. परंतु मकर राशीतील तिसाव्या क्रमांकाचा गुच्छ उगवतो तो पूर्व दिशा उजळू लागल्यावर. वहीत १०९ खुणा झाल्या आहेत, दुर्बीण नेमकी त्याच स्थानी वळलेली आहे. दिसत मात्र काहीच नाही. आणखी एक खूण केली, तर कोणाचे काय बिघडते?

गुच्छ तेथे आहे, हे खरेच. पण खुणेचा अर्थ ‘तो आहे’ असा नसून ‘मी पाहिला’ असा आहे. खऱ्या वस्तूविषयीही खोटी साक्ष देता येते. आणि जेथे फसविण्यास दुसरा कोणी नाही, तेथे फसतो तो आपणच. मनुष्य स्वतःच स्वतःचा बंधू आणि स्वतःच स्वतःचा शत्रू, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील बोध अशाच वेळी कसास लागतो.

मेसिएचा सहकारी पिएर मेशँ याने १७८३ साली एका पत्रात कबूल केले की, छापलेल्या यादीतील १०२ वी नोंद ही १०१ व्या वस्तूचीच चुकीने झालेली पुनरुक्ती होय. ती खरोखर चूक होती काय, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. परंतु त्या कबुलीचे मोल त्यामुळे उणावत नाही. यादी एका अंकाने घटेल, या भयाने तो मौन राहिला नाही.

पाहणे हे निरीक्षकाचे कर्म. दिसणे हे फळ. फळावर त्याचा अधिकार नाही. रात्रभर जागून, डोळे ताणून त्याने आपले कर्म पूर्ण केले. आता रिकामी जागा रिकामी ठेवणे, हाच त्या कर्माचा शेवटचा भाग होय. ११० चा मोह ज्याला ती जागा भरावयास लावतो, त्याच्या आधीच्या १०९ खुणाही त्याच्याच मनात संशयित होतात.

दुकानाची वही असो, घरखर्चाचा हिशेब असो वा जपाची संख्या असो. न घडलेले न लिहिणे, हे प्रत्येक गृहस्थाला रोज साधणारे तप आहे.