अनेकांची साक्ष

खराडीत आमच्या गच्चीवरून रात्री पाहावे, तो संगणकाच्या कचेऱ्यांच्या काचा उजळलेल्या दिसतात. एकाच कार्यात तेथे शेकडो तरुण खपत असतात. ते पाहून मनात येते, एकाची बुद्धी जेथे थकते तेथे अनेकांच्या बुद्धी एकत्र आल्या, की कार्य खचित तडीस जाते काय?

माझा एक अनुभव तर याच्या उलट आहे. एकदा आम्ही पाच प्राध्यापक एक प्रश्नपत्रिका तपासावयास बसलो. वडील सहकाऱ्यांनी ती वाचून मान डोलावली. उरलेल्या चौघांनी, आणि त्यांत मीही होतो, भिडेखातर सह्या केल्या. एक प्रश्न साफ चुकला होता. त्याचे शासन विद्यार्थ्यांनी भोगले. सह्या पाच होत्या. डोळे मात्र एकाचेच!

याच पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे पाहिले म्हणजे या कोड्याचा उलगडा होतो. १९१९ साली आरंभिलेले ते कार्य १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहण्यात आली. प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ साली निवर्तले, पुढे डॉ. बेलवलकर व डॉ. वैद्य यांनी ती धुरा वाहिली. एका आयुष्यात, एका बुद्धीने हे होणे नव्हते.

परंतु तेथे पोथ्यांची नुसती शिरगणती झाली नाही. एकाच पोथीवरून उतरलेल्या शंभर पोथ्या म्हणजे साक्ष एकच. उलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम् पोथी, एकमेकींचा संपर्क नसताही, एकच शब्द सांगू लागल्या, तर तो पाठ प्राचीन मानण्यास बळकट आधार मिळे. जो पाठ निःसंशय नसे त्याखाली नागमोडी रेघ ओढीत. नाकारलेले पाठ पृष्ठाच्या तळाशी जपून ठेवीत. उद्याच्या वाचकास फेरविचार करण्याची वाट अशी मोकळी राहिली.

तात्पर्य, मने जोडणे म्हणजे मने एकसारखी करणे नव्हे. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे पाहावे, मग निःसंकोच सांगावे, आणि मतभेद उरला तर तो पुसू नये. यात कधी स्नेह्यांचा रुसवा पत्करावा लागतो, हे खरे; परंतु भिडेने दिलेली संमती हे साहाय्य नव्हे, ती केवळ हजेरी होय.

त्या दिवशी त्या एका प्रश्नाखाली मी नागमोडी रेघ ओढली असती, तर आम्ही खरोखरच पाच जण झालो असतो.