गवताखालचा साग

जून लागला की किन्हवलीतल्या ताईच्या केंद्राची पायरी माणसांनी झाकून जाते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, किसान सन्मानची केवायसी. शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि भातपेरणी एकदमच येतात. डोळखांबकडची माणसं सकाळच्या एसटीने येऊन बसतात आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतात. अशा घाईत पडद्यावर मध्येच एक चौकोन उगवायचा. अमुक प्रोग्रॅमला इंटरनेटवर जायचं आहे, परवानगी द्यायची का? खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असायची : हेच उत्तर लक्षात ठेव, पुन्हा विचारू नको. ताई त्या ओळीपुढे खूण करायची, ‘हो’ दाबायची आणि पुढच्या माणसाकडे आधार कार्ड मागायची.

दाराशी खुर्ची टाकून आबा बसलेले असत. सारी नोकरी त्यांनी जंगल खात्यात नाकेदार म्हणून काढली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे बघायची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती.

“बाय, ते काय विचारतं गं सारखं?”

“फायरवॉल आहे तो, आबा. राखणदार. कुठला प्रोग्रॅम बाहेर चाललाय, बाहेरून कोण आत येतंय, ते विचारतो.”

“आणि तू काय सांगतेस?”

“हो म्हणते. नाही म्हटलं तर काम अडतं, आणि इथे माणसं ताटकळतात.”

आबा काही बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी नेट रडायला लागलं. दिवसभराचा डेटा दुपारी बारालाच संपू लागला. कंपनीला फोन झाले, राउटर बदलून झाला. ताई वैतागून म्हणाली, “पॅक मोठा घेतलाय तरी पुरत नाही!”

आबा हसले. “शहापूरच्या माणसाला हे नवं आहे होय? तानसा आपल्या तालुक्यात, भातसा आपल्या तालुक्यात. पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर येतो टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. येतं किती ते मोजू नको. जातं कुठे ते बघ.”

त्या रात्री शटर अर्धं ओढल्यावर आबांनी घरात कधी न काढलेली गोष्ट काढली.

“मी मुरबाडच्या बाजूला नाक्यावर होतो. टोकावड्याकडून गवताचे ट्रक यायचे. कल्याणवरून पुढे मुंबईच्या तबेल्यांना जायचे. वर आलेली रिकामी गाडी आम्ही कशाला तपासू? बघायची ती खाली उतरणारी, भरलेली. सागाचा ओंडका न्यायचा तर दोन गोष्टी लागतात. एक वाहतुकीचा पास आणि दुसरा ओंडक्यावर मारलेला हातोड्याचा शिक्का. पास कागदाचा असतो, कोणीही दाखवील. पासातलं लाकूड ते हेच, हे शिक्का सांगतो.

“एक ड्रायव्हर होता, गवतवाला. पहिल्या हंगामात त्याची गाडी थांबवून मी गवतात सळई खुपसून बघायचो. पुढे ओळख झाली, चहापाणी व्हायला लागलं. मग तो थांबेनासा झाला. लांबूनच दिवा मारायचा, मी खोलीतून हात वर करायचो. एका रात्री पुढच्या नाक्यावर नवा पोरगा होता. त्याने सळई खुपसली, ती मध्येच अडली. गवताखाली साग निघाला. किती रात्री नेत होता, देवाला ठाऊक. साहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, साहेब, माणूस ओळखीचा होता. ते म्हणाले, माणूस ओळखीचा होता. माल ओळखीचा होता का?”

आबांची वेतनवाढ त्या वर्षी थांबली होती. घरात सगळ्यांना वाटत होतं, खात्यानेच अन्याय केला.

ताई तशीच उठली आणि तिने परवानगी दिलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल आहेच. 2004 साली आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो मुळातच चालू असतो. पण तो अडवतो मुख्यतः बाहेरून येणाऱ्याला. खास नियम केला नसेल तर आतून जाणाऱ्याला तो सोडून देतो. म्हणूनच ताईने पैसे देऊन, जाणाऱ्यालाही हटकणारा वेगळा फायरवॉल बसवून घेतला होता. तो बिचारा हटकत होता. पुन्हा हटकू नको असं त्याला तिनेच सांगितलं होतं.

यादी लांबलचक निघाली. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम अजून परवाना धरून होता. पीडीएफ जोडायला म्हणून कोणीतरी फुकट उतरवलेलं एक अवजार होतं. आणि ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव दोनदा होतं. हे नाव विंडोजच्याच एका कामाच्या फाइलचं, त्यामुळे विचारणा आली तेव्हा ताईला शंका आली नव्हती. आता तिने पत्ता बघितला. खरी फाइल विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरात होती, दुसरी तात्पुरत्या फाइलींच्या कोपऱ्यात. पहिलीवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही होती, दुसरीवर कोणाचीच नव्हती.

“नाव आपलं, गाव परकं,” आबा खांद्यावरून बघत म्हणाले, “आणि हातोडाही नाही.”

परवाना काढून घेऊन भागणार नव्हतं. साग रानातून गेलाच होता. ताईने नेटची वायर काढली, अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी लावली आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले. मग धास्तीने तिने यादीतल्या उरलेल्या सगळ्यांनाही ‘नाही’ करून टाकलं.

सकाळी पहिल्याच म्हाताऱ्याचं बोट यंत्रावर टेकलं आणि ठसा लागेना. ठसा घेणाऱ्या यंत्राच्या प्रोग्रॅमला आपल्या सर्व्हरशी बोलावं लागतं, आणि त्याची वाट तिनेच बंद केली होती. घाईघाईने तिने त्याला नवी परवानगी दिली, तरी चालेना. तिच्या फायरवॉलमध्ये रात्रीचा ‘नाही’ सकाळच्या ‘हो’पेक्षा वरचढ होता, जुना नियम पुसल्यावरच यंत्राचा हिरवा दिवा लागला.

“नाका बंद करून बसणं ही राखण नव्हे,” आबा म्हणाले. “मग गवतवाल्यानेही जायचं कुठून?”

त्या दिवशी ताईने पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. कोण? कुठून? काय घेऊन, कुणाकडे? प्रोग्रॅमच्या मागे सही कोणाची, तो कुठल्या फोल्डरातून आला, आत्ता माझ्या हातात असलेल्या कामाशी त्याचा संबंध काय, आणि त्याला फक्त बाहेर जायचंय की बाहेरच्यांसाठी दारही उघडून बसायचंय. उत्तर नीट कळलं नाही तर ‘हो’ फक्त एकदाच. आणि महिन्यातून एकदा जुन्या परवान्यांची यादी वाचायची.

आठवड्याने भर गर्दीत पुन्हा चौकोन उगवला. प्रिंटरचा प्रोग्रॅम होता, रात्रीच नवा होऊन बसलेला. ताईचा हात माउसवर थांबला. ती वाचू लागली. डोळखांबचे एक मामा घड्याळाकडे बघत म्हणाले, “काय ताई, अडलं का काही?”

“नाही मामा. गाडी नाक्यावर आहे. सळई मारून सोडते.”

दाराशी आबांनी टोपी सारखी केली आणि रस्त्याकडे बघत राहिले.

तात्पर्य : ओळख माणसाची असते, परवानगी मालाची द्यायची असते. राखणदार कितीही चोख असो, न बघता वर केलेला मालकाचा हात त्याला आंधळा करतो.